हेक्सात २० म्हणजे उणे १

सीबॉर या माहिती बाइटांत बांधायच्या बायनरी पद्धतीत हेक्सात (सोळाच्या पायाच्या मोजणीत) २० असा एकटा बाइट आला की त्याचा अर्थ उणे १ होतो. मी लिहिलेला पार्सर, म्हणजे बाइट वाचून त्यांचा अर्थ लावणारा कोड, तो बाइट शून्य म्हणून वाचत होता. सात महिने वाचत होता. त्या सात महिन्यांत आमच्या सगळ्या टेस्ट पास होत होत्या, कव्हरेजचा (टेस्टमध्ये कोडाच्या किती ओळी चालल्या त्याचा) अहवाल हिरवा होता, आणि काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेतला तुटक्या वायरचा सेन्सर मोबाईलवर ‘ठीक’ म्हणून दिसत होता. मे महिन्यात मी तो पार्सर पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासला. कोणत्या टेस्टनं काय पकडलं आणि कोणती टेस्ट त्या चुकीच्या शेजारून रोज निघून गेली, ते इथे लिहिते आहे. बायनरी संदेश वाचणारा कोड ज्यांना लिहावा लागतो, त्यांच्या कामी यावं म्हणून.

आधी संदेश कसा असतो ते सांगते. बागेत झाडाच्या मुळाशी एक सेन्सर असतो. तो मातीतल्या ओलाव्याचा ताण किलोपास्कलमध्ये मोजतो. शून्य म्हणजे चिंब माती, आणि जमीन जसजशी वाळते तसतसा आकडा ऋणात खोल जातो. सेन्सरजवळचा छोटा रेडिओ दर अर्ध्या तासानं एक संदेश पाठवतो. हा रेडिओ भारतात विनापरवाना मोकळ्या असलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. वेग मंद, बॅटरी लहान, म्हणून एकेक बाइट मोजून वापरावा लागतो. त्यासाठीच सीबॉर. २०१३ साली आरएफसी ७०४९ म्हणून ते आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा क्रमांक दिलेला दस्तऐवज) आणि २०२० साली आरएफसी ८९४९ नं त्याची जागा घेतली. पासवर्डऐवजी बोटाच्या ठशानं वेबसाइटवर लॉगिन होतं, त्या वेबऑथनमध्येही आतून सीबॉरच असतं.

आमच्या संदेशात चार गोष्टी: १ म्हणजे वेळ, २ म्हणजे ताण, ३ म्हणजे दर्जा, ४ म्हणजे बॅटरीचे व्होल्ट. सगळं मिळून १५ बाइट. दर्जात ० म्हणजे ठीक, उणे १ म्हणजे सेन्सरकडून उत्तर नाही, उणे २ म्हणजे बॅटरी उतरली. सेन्सरकडून उत्तर आलं नाही तर उपकरण शेवटचा माहीत असलेला ताणच पुन्हा पाठवतं आणि दर्जा उणे १ करतं. म्हणजे त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे सगळं त्या एका बाइटवर अवलंबून.

फोन आला तेव्हा मी परसोडीच्या ऑफिसात होते. बागवाले काका कधी आवाज चढवून बोलत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, “ताई, तुमचा मोबाईल सांगून राह्यला का जमीन वल्ली हाये. अन् इकडं झाडाचे पानं गुंडाळून राह्यले. कोनाचं खरं मानू?”

त्यांच्याकडे आंबिया बहाराची फळं झाडावर होती. मृग बहार धरणारे लोक मेमध्ये मुद्दाम पाणी तोडून झाडाला ताण देतात. आंबियाचं उलट असतं. लिंबाएवढं फळ झाडावर आणि डोक्यावर नागपूरचं ऊन, अशा वेळी पाणी चुकलं की फळगळ ठरलेली. “झाडाचं खरं माना काका, आजच पाणी सोडा,” एवढं सांगून फोन ठेवला आणि त्यांच्या सेन्सरचे कच्चे बाइट उघडले.

कच्चे बाइट आम्ही पहिल्या दिवसापासून साठवून ठेवतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला तेवढाच एक निर्णय आम्ही पहिल्याच फेरीत बरोबर घेतला होता. संदेश असा होता: ए४ ०१ १ए, मग वेळेचे चार बाइट, मग ०२ ३१ ०३ २० ०४ एफ९ ४३ ००. स्क्रीनवर मात्र ताण उणे १७, दर्जा ठीक.

मी प्रिंटरमधला एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीनं सोडवायला बसले. सीबॉरमध्ये प्रत्येक गोष्टीच्या पहिल्या बाइटचे दोन भाग पडतात. वरचे ३ बिट प्रकार सांगतात: ० म्हणजे धन पूर्णांक, १ ऋण पूर्णांक, २ नुसते बाइट, ३ मजकूर, ४ यादी, ५ जोड्यांचा नकाशा, ६ टॅग, ७ मध्ये दशांश, खरं-खोटं आणि रिकामं. खालच्या ५ बिटांत संख्या किंवा लांबी असते, तिला एन म्हणू. ती २३ पर्यंत असेल तर तिथेच मावते, मोठी असेल तर २४ ते २७ हे आकडे सांगतात की पुढचे १, २, ४ किंवा ८ बाइट वाचा. आता २० हेक्स म्हणजे ००१ ०००००. प्रकार १, म्हणजे ऋण, आणि एन शून्य. आरएफसी म्हणतं, ऋण संख्येची किंमत ‘उणे एक वजा एन’. शून्य तर धन प्रकारात आधीच आहे. ऋणातही ते ठेवलं तर एका किमतीची दोन रूपं होतील आणि दुसऱ्या टोकाची एक संख्या वाया जाईल, म्हणून ऋण मोजणी उणे एकापासून सुरू होते. तेव्हा २० म्हणजे उणे १. आणि ३१ म्हणजे एन १७, किंमत उणे १८.

माझ्या कोडात नुसतं ‘उणे एन’ होतं.

म्हणून उणे १ चं शून्य झालं होतं आणि ‘सेन्सर गप्प आहे’ याचं ‘ठीक’. प्रत्येक बागेतला ताणसुद्धा एका किलोपास्कलनं चुकत होता, पण उणे १८ ऐवजी उणे १७ आलेलं कोणाच्या डोळ्यात भरणार? आणखी एक खूण तर सरळ हातात येऊन गेली होती. आमचा फिल्डवर फिरणारा मुलगा हिवाळ्यात दोनदा नरखेडला ‘वायर तपासा’ असा इशारा पाहून गेला होता. परत येऊन त्यानं सांगितलं होतं, “ताई, वायर तर चांगलीच हाये. बॅटरी बदलवली तं ठीक होऊन जाते.” बॅटरी उतरल्याचा उणे २ माझ्या पार्सरमधून उणे १ होऊन, म्हणजे वायरचा इशारा बनून, बाहेर पडत होता. तो पोरगा मला बग जसाच्या तसा सांगत होता आणि मी वहीत ‘जोड ढिला’ असं लिहून पान उलटलं.

ओळ दुरुस्त करायला मिनिट लागलं. पण दुरुस्ती तशीच सर्व्हरवर चढवावी असं मला वाटेना. टेस्ट कमी नव्हत्या. हाताने लिहिलेल्या होत्या, शिवाय यादृच्छिक मूल्यं तयार करणारीही एक होती: कुठलंही मूल्य घ्या, एन्कोड करा (त्याचे बाइट बनवा), डीकोड करा (बाइटांवरून मूल्य काढा), तेच परत यायला हवं. लाखो मूल्यं तिच्यातून गेली होती. मग ही चूक निसटली कशी?

कारण एन्कोडरही माझाच होता. उणे १ लिहिताना मी एन म्हणून १ ठेवत होते, म्हणजे २१ हा बाइट. वाचताना २१ चं उणे १ करत होते. दोन्हीकडे एकच गैरसमज, म्हणून जाऊन-येऊन हिशेब तंतोतंत जुळायचा. मी लॉग काढून पाहिले तर त्या लाखो टेस्टमध्ये २० हा बाइट पार्सरसमोर एकदाही आलेला नव्हता. माझा एन्कोडर तो कधी तयारच करत नव्हता. उपकरणातला एन्कोडर दुसऱ्या लोकांनी सी भाषेत लिहिलेला, आरएफसीप्रमाणे चालणारा. तो २० रोज पाठवत होता. आणि ‘उणे एन’ची ओळ टेस्टमध्ये असंख्य वेळा चालल्यामुळे कव्हरेज ती तपासलेली म्हणून दाखवत होतं. ओळ चालली एवढंच त्याला कळतं, उत्तर बरोबर आलं का ते कळत नाही.

तिथून माझ्यासमोर एकच प्रश्न राहिला. टेस्टमधलं अपेक्षित उत्तर कुठून आणायचं? ते माझ्या डोक्यातून येत असेल, तर माझ्या डोक्यातली चूक त्याला दिसणार नाही.

पहिली जागा आरएफसी. तिच्या परिशिष्टात उदाहरणांचा मोठा तक्ता आहे: डावीकडे मूल्य, उजवीकडे बाइट. सात महिन्यांपूर्वी मी तो पाहिला होता, त्यातली सात-आठ उदाहरणं उचलली होती आणि सगळी धन संख्यांची उचलली होती. आता तो अख्खा तक्ता टेस्टमध्ये टाकला. बाइट हाताने, उत्तर हाताने, मध्ये माझा एन्कोडर कुठेच नाही. तक्ता बनवणाऱ्यांनी कोपरे नेमके निवडले आहेत. ३९ ०३ ई७ म्हणजे उणे १०००. मी तोही कागदावर सोडवून पाहिला: ००१ ११००१, खालचे पाच बिट २५, म्हणून पुढचे दोन बाइट, ०३ ई७ म्हणजे ९९९, आणि उणे एक वजा ९९९. मग ३बी आणि त्यापुढे आठ वेळा एफएफ, म्हणजे उणे १८४४६७४४०७३७०९५५१६१६. ही संख्या ६४ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावतच नाही. पार्सरच्या रस्ट भाषेत मी मोठ्या बिनचिन्ह संख्येला सरळ चिन्हांकित करत होते, आणि तसं रूपांतर काही न बोलता संख्या गुंडाळून देतं. पार्सरनं या राक्षसी संख्येचं शांतपणे भलतंच उत्तर दिलं होतं. पहिल्या चुकीपेक्षा मला हिची भीती जास्त वाटली, कारण पॅनिक आलं असतं, म्हणजे प्रोग्रॅम चूक सांगून थांबला असता, तर निदान कळलं असतं. आता त्या टोकाच्या संख्या वेगळ्या, रुंद प्रकारात जातात.

त्या तक्त्यानं दुसऱ्याच दिवशी अजून एक पकडलं. बॅटरीचे व्होल्ट आम्ही १६ बिटांच्या अर्ध्या दशांशात घेतो, ४३ ०० म्हणजे ३.५. १६ बिटांतून ६४ बिटांत न्यायचं रूपांतर मी हाताने लिहिलं होतं. एफ९ ०० ०१ या बाइटांचं उत्तर ५.९६०४६४४७७५३९०६३ गुणिले १० चा उणे आठवा घात, म्हणजे २ चा उणे २४ वा घात, असं यायला हवं होतं. माझ्याकडे शून्य येत होतं. घातांक शून्य असलेल्या अतिसूक्ष्म संख्यांचा नियम वेगळा असतो आणि मी तो गाळला होता. बॅटरी कधी इतक्या सूक्ष्म व्होल्टवर येणार नाही. तरी दुरुस्त केलं. हाच पार्सर उद्या कोणी दुसऱ्या सेन्सरला लावेल, तेव्हा तो मला विचारायला येणार नाही.

मग सीमा. २३ आणि २४, २५५ आणि २५६, ६५५३५ आणि ६५५३६, ४२९४९६७२९५ आणि त्याच्या पुढची संख्या. प्रत्येक ठिकाणी एक अलीकडची, एक पलीकडची, आणि त्याच जोड्या ऋणातही. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथेच एक सुरेख गोष्ट हाताला लागली. मजकुराची लांबी सीबॉर बाइटांत मोजतं, अक्षरांत नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘काटोल’मध्ये क, काना, ट, ओकार आणि ल अशी पाच चिन्हं, म्हणून १५ बाइट आणि सुरुवातीला एकच शीर्षबाइट, ६एफ. ‘नरखेड’ही १५. पण ‘कळमेश्वर’ मोजा: क, ळ, म, एकार, श, हलन्त, व, र. आठ चिन्हं, २४ बाइट. बरोबर सीमेच्या पलीकडे! शीर्ष ७८ १८ असं दोन बाइटांचं होतं. मी टेस्टमध्ये आधी ‘टेस्ट’ आणि ‘फार्म १’ अशी इंग्रजी अक्षरांतली नावं घातली होती, ती कधीच २३ च्या पुढे जात नव्हती. आपल्याच तालुक्यांची नावं आपल्या लिपीत घातली तर सीमा आपोआप तपासली जाते. आता आमच्या टेस्टमध्ये काटोल आणि कळमेश्वर शेजारी शेजारी आहेत, आणि तिसरी टेस्ट कळमेश्वरमधला ‘श’ मधोमध कापून देते. अर्धा ‘श’ हा वैध मजकूर नाही, पार्सरनं तो नाकारायलाच हवा. सीबॉरमध्ये लांब मजकूर तुकड्यातुकड्यांनीही पाठवता येतो, पण एका अक्षराचे बाइट दोन तुकड्यांत विभागायला आरएफसीची मनाई आहे. माझा पार्सर आधी तुकडे चिकटवून मग मजकूर तपासत होता, म्हणजे मना असलेलं चालवून घेत होता. तेही बदललं.

संदेश कापण्याची टेस्ट मला सगळ्यात जास्त आवडते. गेटवेकडून (रेडिओचे संदेश झेलून पुढे पाठवणाऱ्या उपकरणाकडून) सर्व्हरला संदेश टीसीपी या इंटरनेटच्या नेहमीच्या पद्धतीनं येतात, आणि टीसीपीला संदेश कुठे संपला ते ठाऊक नसतं, तो नुसता बाइटांचा प्रवाह देतो. एका वाचनात ११ बाइट येतील, उरलेले ४ नंतर. सीबॉरचा गुण असा की पूर्ण संदेशाचा सुरुवातीपासूनचा कुठलाही अपुरा तुकडा स्वतः पूर्ण संदेश होऊ शकत नाही. म्हणून टेस्ट अगदी साधी लिहिता येते. १५ बाइटांचा संदेश घ्या, शून्य बाइटांपासून १४ बाइटांपर्यंत प्रत्येक ठिकाणी तोडा, आणि प्रत्येक वेळी उत्तर ‘अपुरा’ असंच यायला हवं. मूल्य नको, पॅनिक नको, ‘चुकीचा’ असंही नको, कारण चुकीचा म्हटलं की सर्व्हर तो फेकून देतो आणि मागून येणाऱ्या चार बाइटांना घर उरत नाही. माझा पार्सर १५ पैकी १३ ठिकाणी बरोबर होता. अर्ध्या दशांशाच्या आत, एफ९ नंतर किंवा ४३ नंतर तोडलं की तो ‘चुकीचा’ म्हणायचा. कधीमधी एखादा संदेश गहाळ व्हायचा आणि आम्ही रेडिओला दोष द्यायचो, त्यातले काही तरी इथेच गेले असावेत.

फझिंग, म्हणजे पार्सरवर भलतेसलते बाइट टाकत राहणं, चालू केलं त्या संध्याकाळी वादळ आलं. दिवसभर ४५ अंशांत तापलेलं शहर, साडेसातला वारा सुटला, गोपालनगरात लाईट गेली, कूलर थांबला आणि आई दारात जाऊन उभी राहिली. मी लॅपटॉपच्या बॅटरीवर लिबफझर हा फझिंगचा प्रोग्रॅम चालू ठेवला होता. योगायोग असा की फझिंगचा जन्मच वादळातला. १९८८ साली बार्टन मिलर हे विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक पावसाळी रात्री घरून टेलिफोनच्या लाईनवरून कॉम्प्युटर वापरत होते. विजांमुळे लाईनवर खरखर होऊन भलतीच अक्षरं घुसत होती आणि त्यांनी नेहमीचे युनिक्स प्रोग्रॅम कोसळत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना हेच मुद्दाम करून बघायला लावलं. १९९० साली निष्कर्ष छापून आले तेव्हा तपासलेल्या प्रोग्रॅमांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश नुसत्या कचऱ्यानं कोसळले किंवा अडकले होते. आजचा लिबफझर आंधळा कचरा टाकत नाही. कोणता बाइट बदलला की कोडातली नवी वाट उघडते ते बघत बघत पुढे जातो.

काही सेकंदांत त्यानं नऊ बाइट काढून दिले: ९बी, मग आठ वेळा एफएफ. अर्थ: ‘पुढे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ घटकांची यादी येते आहे.’ माझा पार्सर ते खरं मानून तेवढी जागा आधीच राखायला गेला आणि जागीच पडला. कोणीही नऊ बाइट पाठवून आमचा सर्व्हर पाडू शकलं असतं. उपाय सोपा आहे. यादीतल्या प्रत्येक घटकाला निदान एक बाइट लागतोच, तेव्हा सांगितलेली संख्या आपण ठरवलेल्या संदेशाच्या कमाल लांबीपेक्षा मोठी असेल तर तिथेच नाकारायचं, आणि जागा राखायची ती हातात आलेल्या बाइटांपुरतीच.

लाईट रात्री उशिरा आली. फझर रात्रभर चालला आणि सकाळी अजून दोन अपघात दाखवून शांत झाला. पण एक त्याला सापडला नाही, तो मी हाताने बनवला. ८१ म्हणजे एका घटकाची यादी. ८१ च्या आत ८१, त्याच्या आत ८१, असे एक लाख बाइट. पार्सर स्वतःलाच हाक मारत खोल जातो आणि स्टॅक (अशा हाकांसाठी राखलेली मेमरी) संपतो. रस्टमध्ये स्टॅक संपला की पॅनिकसारखं सावरता येत नाही, अख्खी प्रोसेस मरते. फझरला हे दिसलं नाही, कारण नमुने दिले नाहीत तर तो ४०९६ बाइटांहून लांब काही बनवत नाही, आणि तेवढी खोली माझ्या स्टॅकला पेलत होती. आता खोलीची मर्यादा १६ आहे. आमच्या संदेशाला १ पुरते.

आणि हे इथे ठळकपणे लिहिते: रात्रभराच्या फझिंगनं उणे १ ची चूक दाखवली नसती. मी मुद्दाम जुनी ओळ परत टाकून पाहिलं. फझर तासभर चालला आणि त्याला काही वावगं वाटलं नाही. पडणारा कोड त्याला दिसतो. न पडता खोटं सांगणारा कोड दिसत नाही.

त्यासाठी दुसरा साक्षीदार लागतो. पायथनमधली सीबॉर-२ ही लायब्ररी घेतली, फझरनं जमवलेले सगळे बाइट दोघांना दिले आणि उत्तरं ताडून पाहिली. जुनी ओळ ठेवून चालवलं तर पहिल्याच सेकंदात तक्रार. बरं वाटलं. पण दुरुस्त कोडावर सगळं जुळलं म्हणून मी उठणार, तेवढ्यात एक नमुना सहज उघडून पाहिला. एफ५ म्हणजे ‘खरं’, तिथे मी प्रयोगापुरतं माझ्या पार्सरमध्ये पूर्णांक १ परत देणारं काहीतरी ठेवून विसरले होते, आणि ताडणी तरीही ‘जुळलं’ म्हणत होती. कारण ताडणीची स्क्रिप्ट पायथनमध्ये होती, आणि पायथनमध्ये ‘खरं’, १ आणि १.० हे तिघं एकमेकांच्या बरोबर असतात. प्रकारासह मूल्य देणं हेच ज्या पार्सरचं काम, त्याची तपासणी प्रकाराकडे न बघताच चालली होती. मग प्रत्येक मूल्याआधी त्याच्या प्रकाराचं नाव लिहून दोन्ही बाजूंचा मजकूर ताडायला लागले. ‘संख्या नाही’ हे दशांशातलं विशेष मूल्य तर स्वतःच्याही बरोबर नसतं. तिथे बिट ताडले. आधी मी ते मूल्य टेस्टमधून वगळून टाकलं होतं.

काही ठिकाणी आरएफसी निवड आपल्यावर सोडतं. नकाशात एकच किल्ली (जोडीतलं पहिलं मूल्य, आमच्याकडे १ ते ४) दोनदा आली तर? रचना वाचता येते, पण अर्थ संशयास्पद. आमच्याकडे दर्जा दोनदा आला तर कोणता खरा, हे ठरवायचा हक्क पार्सरला नाही, म्हणून नाकारतो. २३ ही संख्या १८ १७ अशी लांबून लिहिली तर स्वीकारतो. त्यामुळे बाइट वाचून पुन्हा लिहिले तर तेच बाइट मिळतील असं नाही, आणि तशी टेस्ट लिहू नये. बिनकामाच्या १सी पासून एकट्याच आलेल्या एफएफपर्यंत मोडक्या रचनांची यादीही आरएफसीच्या दुसऱ्या एका परिशिष्टात आहे, ती जशीच्या तशी टेस्टमध्ये आहे.

शेवटी टेस्टचीच टेस्ट घेतली. पार्सरमधली एकेक ओळ मुद्दाम बिघडवायची, अधिकच्या जागी वजा, २४ च्या जागी २३, ‘लहान’च्या जागी ‘लहान किंवा समान’, आणि निदान एक टेस्ट लाल होते का ते पाहायचं. दोन दिवस लागले. अकरा बदल असे निघाले की कोड बिघडला तरी सगळं हिरवं. त्या अकरांसाठी अकरा नवे बाइट-नमुने लिहिले, प्रत्येकाचं उत्तर आधी कागदावर काढून. ते कागद फाइलला लावून ठेवले आहेत. टेस्टच्या फाइलमध्ये सगळ्यात वर काकांच्या बागेतले ते १५ बाइट आहेत, वेळेसकट.

नवतपा सुरू झाला त्या आठवड्यात नवा पार्सर सर्व्हरवर गेला. त्याच रात्री मी सात महिन्यांचे साठवलेले सगळे कच्चे संदेश त्याच्यातून पुन्हा काढले. काकांचा सेन्सर फोन येण्याआधी नऊ दिवस गप्प होता. नऊ दिवस तोच उणे १८ पुन्हा पुन्हा येत होता. उंदरानं वायर कुरतडली होती, ती मुलानं बदलली. फळं बरीच गळाली. किती, ते काकांनी मला सांगितलं नाही, आणि मी गेले तेव्हा झाडाखाली दिसत होतं.

त्या रात्री अजून चार बागा निघाल्या, जिथे उणे १ येत होता आणि स्क्रीनवर ‘ठीक’ होतं. सकाळी सातला मी एकेकांना फोन लावायला बसले. आमच्याकडून काय चुकलं ते सांगायचं, आजचा आकडा धरू नका, मातीत हात घालून बघा, मुलगा दुपारपर्यंत येतो. तिघांशी बोलणं झालं. चौथ्यांचा फोन लागला नाही, म्हणून मुलाला सांगितलं, पहिले तिकडेच जा.